काटकसर कुणाच्या खिशातून?



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, ऑफिसातला आहे. रेणापुरात आमच्या यांचं हिशेबाचं आणि कराच्या कामाचं छोटं ऑफिस आहे. मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी कधी केली नाही, पण त्या ऑफिसची जमाखर्चाची वही आजही माझ्याच हातात असते. तिथलं झेरॉक्स मशीन दहा वर्षांचं झालं. ठेवायचं की बदलायचं, यावर घरात दोन महिने वाद चालला होता.

मुलगा म्हणे बदला. हे म्हणत, "चालतंय ना? मग कशाला?" मी यांच्या बाजूची. जुन्या साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, असं आमचं घर. वर मी अपरिग्रहाचं नाव घेतलं की मुलगा गप्प बसायचा.

मग एक दिवस एक शेतकरी दादा आले. तहसीलच्या कामाला आलेले लोक आमच्याकडेही प्रती काढून घेतात. आठ दिवसांपूर्वी यांनी सातबाऱ्याची प्रत नेली होती. आमच्या मशीनमधून तेव्हा प्रत्येक कागदावर एक पांढरा पट्टा यायचा. त्यांच्या गट नंबरातला शेवटचा आकडा नेमका त्या पट्ट्यात गेला आणि अर्ज परत आला. सोयाबीन काढणीचे दिवस. ते कुणाला काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "काकू, या वेळी जरा स्वच्छ काढून द्या."

मी पैसे घेतले नाहीत. पण त्यांचा बुडालेला दिवस मी कुठून भरून देणार होते? पट्टा आम्हाला पंधरा दिवस दिसत होता. "वाचता येतंय की," असं म्हणून आम्ही चालवून घेत होतो. आपल्या धर्मात बेसावधपणाला प्रमाद म्हणतात आणि हिंसा तिथूनच सुरू होते असं सांगतात. मी अपरिग्रह म्हणत होते तो खरं तर प्रमाद होता, हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी एक महिना मशीनशेजारी वही ठेवली. २१४ कागद वाया गेले. रीम अडीचशेची धरली तर कागद पन्नास पैशांना पडतो, म्हणजे नुकसान १०७ रुपयांचं. एवढ्यावर मशीन कुणी बदलणार नाही. पण लातूरहून मेकॅनिक दोनदा आला, त्याचे १,००० झाले. एका सुट्या भागाचे १,८०० झाले. आणि तीन वेळा अर्धा दिवस मशीन बंद होतं, तेव्हा आलेली माणसं परत गेली. हा शेवटचा खर्च आमच्या वहीत कुठेच येत नव्हता, कारण तो लोकांच्या खिशातून जात होता.

वही आणखी एका बाबतीत फसवते. यंत्रांवर आयकरात दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात. या हिशेबाने ८० हजारांचं मशीन दहा वर्षांनीही साधारण १५,७५० रुपयांचं दिसतं. ते पाहून हे म्हणत, "अजून एवढी किंमत आहे त्याची." पण त्या आकड्याला बाजारात कुणी विचारत नाही. ज्या पैशाला आपण मशीन घेतलं तो गेलाच. आज विचार करायचा तो पुढच्या वर्षभरात एक चांगली प्रत कितीला पडेल याचा.

ही नजर नवी नाही. झेरॉक्स कंपनीने १९५९ मध्ये ९१४ नावाचं मशीन आणलं, तेव्हा ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं जाई आणि त्यात २,००० प्रती धरलेल्या असत. म्हणजे अगदी सुरुवातीपासून हिशेब प्रतींचाच होता.

याचा अर्थ कुरकुर सुरू झाली की मशीन फेकावं असा नाही. पावसाळ्यात कागद अडकतो तो बऱ्याचदा ओल धरल्यामुळे. रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली की निम्मी कटकट जाते. कागद ओढणारा रबरी रोलर झिजला तर तो बदलून घ्यावा, फार खर्च नाही. पण ड्रम गेला, शाई कागदावर पक्की करणारा गरम रोलरही गेला, आणि मेकॅनिक म्हणाला की सुटे भाग आता जुन्या मशीनमधून काढून आणावे लागतात, तर मात्र थांबावं. आमचं तसंच झालं होतं.

मग उलटा मोह आला. दुकानदाराने मोठं रंगीत मशीन दाखवलं, मुलाचे डोळे चमकले. मी विचारलं, "गेल्या वर्षी रंगीत प्रत किती जणांनी मागितली?" उत्तर आलं नाही. परिग्रहाला मर्यादा घालायची ती इथे. आम्ही आमच्या कामापुरतं साधं काळं-पांढरं मशीन घेतलं.

जुन्याचं काय? भंगारवाला दारात उभा होता. पण असली यंत्रं उघड्यावर फोडली-जाळली की विष मातीत आणि हवेत जातं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत झेरॉक्स मशीनही येतं, आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. चार पैसे कमी मिळाले, पण मशीन तिकडेच दिलं.

माझं मत एवढंच. काटकसर जरूर करावी, पण तिची झळ आपल्यालाच बसत असेल तोवर. फ्रिज असो, मिक्सर असो की ऑफिसचं मशीन, जुनं चालवताना एकदा विचारावं की यात त्रास कुणाला होतोय. सुनेला, कामवाल्या बाईला, की दारात उभ्या असलेल्या माणसाला?

ते दादा दिवाळीनंतर पुन्हा आले. प्रत हातात घेऊन त्यांनी आकडे एकेक करून वाचले, मग घडी घालून खिशात ठेवली. यांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.