उभ्या मोटारीची नाडी

आमच्या डोंबिवलीच्या घराच्या अंगणांत पत्र्याखालीं एक मोटार उभी असते. ती आमच्या थोरल्या बंधूंची. गोव्याच्या सान मोटर्सनें १९९८ च्या सुमारास 'स्टॉर्म' नांवाची दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार काढली होती. अंग फायबरग्लासचें, इंजिन रेनॉल्टचें, ११४९ सीसीचें. चौदा माणसांच्या कुटुंबांत दोन आसनांची गाडी आणणाऱ्या चिरंजीवांस आमच्या तीर्थरूपांनीं काय ऐकविलें, तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

बंधू निवर्तल्यास सहा वर्षें झालीं. तेव्हांपासून दर रविवारीं स्नानसंध्या आटोपल्यावर आम्ही ती गाडी जागेवरच दहा मिनिटें सुरू ठेवीत असूं. यंदा पावसाळा सरतां सरतां मागून निळसर धूर येऊं लागला. एका व्यापाऱ्यानें 'इंजिन गेलें' असा निर्वाळा देऊन भंगाराच्या भावानें मागणी घातली. पुतण्यानेंही जर्मनीहून विकण्याचा सल्ला दिला. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, गेलें असेल तर जाऊं द्या. पण गेलें आहे का, तें आधीं पाहा."

कल्याण-शीळ रस्त्यावर पूर्वीं प्रीमियरचा कारखाना होता. त्यामुळें या भागांत जुने, जाणते कारागीर अद्याप आढळतात. त्यांपैकीं एक आमचाच विद्यार्थी निघाला. संस्कृतांत त्यास कधीं पस्तिसांवर गुण मिळाले नाहींत. पण त्या दिवशीं आम्ही त्याचे विद्यार्थी झालों.

गाडी अवघी अठरा हजार किलोमीटर चालली आहे, असें आम्हीं अभिमानानें सांगितलें. तो म्हणाला, "गुरुजी, त्या आंकड्यावर जाऊं नका." त्यानें तेल भरण्याच्या तोंडाचें झांकण उघडून दाखविलें. आंतून सायीसारखा पांढरट थर! तेलांत पाणी मिसळल्याची ही खूण. हेड गॅसकेट फुटून थंडाव्याचें पाणी आंत शिरलें असेल तर खर्च मोठा. परंतु दोन दिवस पाहिलें, तरी त्या पाण्याची पातळी तसूभरही उतरली नाहीं, त्यांत बुडबुडेही आले नाहींत. मग हें पाणी आलें कोठून? उत्तर ऐकून आम्ही ओशाळलों. पेट्रोल जळतांना वाफ उत्पन्न होते. थंड इंजिनांत तिचें पाणी होऊन तें तेलांत उतरतें, आणि गाडी अर्धा तास रस्त्यावर धांवून तेल चांगलें तापेल, तेव्हांच तें उडून जातें. आमच्या दहा मिनिटांत तेल कधीं तापलेंच नव्हतें. सहा वर्षें सेवा म्हणून जें केलें, तेंच बाधलें.

नंतर खरी नाडीपरीक्षा झाली. इंजिन गरम करून, पेट्रोल तोडून, चारही प्लग काढून एकेका सिलिंडरास दाबमापक लाविला. तीन सिलिंडरांत १६० पौंडांच्या आसपास दाब. तिसऱ्यांत मात्र ११५. त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलें, तों कांटा १५० वर गेला. व्हॉल्व्ह गळत असते, तर तेलानें फरक पडला नसता. तेलानें फट बुजली, अर्थात् दोष पिस्टनच्या कड्यांचा. कड्या झिजल्या आहेत कीं बसून बसून चिकटल्या आहेत, हें मात्र गाडी चालविल्यावांचून कळणार नव्हतें.

आणि चालविण्यास तो तयार होईना. टायमिंगचा पट्टा रबराचा. गाडी उभी असली तरी त्याचें वय थांबत नाहीं, आणि तो धांवतांना तुटला तर इंजिनाची धडगत नाहीं. येथें तो मिळेना. ट्विंगो नांवाच्या युरोपांतील लहान गाडीस हेंच इंजिन होतें, असें कळल्यावर 'विकून टाका' म्हणणाऱ्या पुतण्यानेंच पट्टा धाडला! टांकींतलें शिळें पेट्रोलही उपसलें; हल्लीं त्यांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें ओल धरतें आणि जुन्या रबरी नळ्यांस सोसतेंच असें नाहीं.

तेल बदलून आम्हीं सलग चार रविवारीं टिटवाळ्याची फेरी केली. (शीळफाट्याकडे जाण्याचा मोह टाळला, तेथें गाडी तापते, पण हलत नाहीं.) पुन्हा मोजलें, तेव्हां तिसऱ्या सिलिंडरानें १४० दाखविले. कड्या सुटूं लागल्या होत्या. सकाळीं सुरू करतांना निळा धूर अजून क्षणभर दिसतो. तो व्हॉल्व्हच्या सीलांचा असावा, असें कारागिराचें मत आहे. तें काम दिवाळीनंतर काढावयाचें आहे.

व्यापाऱ्यास नकार कळविला आहे. चौथ्या फेरीस वहिनी शेजारच्या आसनावर होत्या. टप उघडाच ठेवा, असें त्यांनीं सांगितलें.