साउंडबार आपला, आवाज कुणाचा?



गेल्या दिवाळीत ताथवड्याच्या आमच्या घरी एक काळी पट्टी आली. लांबी मीटरभर, उंची चार बोटे. सोबत एक जड चौकोनी पेटी. पट्टी म्हणजे साउंडबार आणि पेटी म्हणजे सबवूफर. चांगल्या प्रतीच्या अशा जोडीला आज लाखभर रुपये सहज पडतात. मुलाने हौसेने आणली, मीही आनंदाने होकार दिला. पहिल्याच संध्याकाळी युद्धाचा सिनेमा लावला. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी वर छताकडे पाहिले!

पण त्याच संध्याकाळी दोन तक्रारी आल्या. पहिली घरातलीच. माझी आई म्हणाली, "आवाज मोठा झाला रे, पण बोलतात काय ते कुठं कळतंय?" दुसरी दुसऱ्या दिवशी आली. खालच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी दारात उभी राहून संकोचाने म्हणाली, "काका, रागावू नका. सिनेमा ऐकू येत नाही आम्हाला, नुसतं धुम धुम येतं. अभ्यास होत नाही."

मी विज्ञानाचा शिक्षक होतो. मला लाज वाटली, तसे कुतूहलही वाटले. घरातल्या माणसाला आवाज मिळतो पण शब्द मिळत नाहीत, आणि खालच्या घरात शब्द नाही, संगीत नाही, फक्त धुम धुम पोचते. असे का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून माझे एक मत बनले. ते तुमच्यापुढे मांडतो.

आधी यंत्राची करामत पाहू. आजचे दूरचित्रवाणी संच चार-पाच बोटे जाडीचे. त्यांत स्पीकरला जागाच नसते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागे बंद पेटी नसेल तर खर्जाच्या लहरी कडेने वळून एकमेकींना खोडून काढतात. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर वाजवून पाहा, आवाज किरटा येईल. मग मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या मापाचे भोक पाडून तो त्यावर बसवा. तोच स्पीकर एकदम भरदार वाजू लागेल.

साउंडबारमध्ये असे अनेक छोटे स्पीकर ओळीने बसवलेले असतात. काही समोर, काही बाजूंना, तर काही वर तोंड करून. येथे तरंगलांबी कामाला येते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरा. ३४०० हर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची लांबी होते १० सेंटिमीटर, तर १०० हर्ट्झच्या लहरीची ३.४ मीटर. मीटरभर पट्टीपुढे १० सेंटिमीटरची लहर लहान. म्हणून विजेरीच्या झोतासारखी ती भिंतीवर किंवा छतावर नेमून टाकता येते. तेथून परावर्तित होऊन ती कानाशी येते आणि मेंदूला वाटते, आवाज छतातूनच आला. आमच्या इमारतींची सपाट काँक्रीटची छते या युक्तीला फार सोयीची. जुन्या वाड्याच्या तुळयांच्या पाटणीखाली ती इतकी साधली नसती.

पण १०० हर्ट्झच्या साडेतीन मीटर लहरीपुढे ही पट्टी खुजी पडते. अशा लहरीचा झोत होत नाही. ती चहूकडे पसरते. म्हणूनच सबवूफर खोलीत कोठेही ठेवला तरी फारसे बिघडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, खालच्या मुलीच्या तक्रारीकडे वळताना ती लागेल.

आता आईची तक्रार. आवाज मोठा असूनही शब्द का कळेनात? उत्तरासाठी १८९५ सालच्या हार्वर्ड विद्यापीठात जावे लागेल. तेथील फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह नवेकोरे, देखणे. पण वक्त्याचा एक शब्द कळेल तर शपथ! वॉलेस साबाइन या तरुण प्राध्यापकावर कारण शोधण्याचे काम पडले. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज कानाआड व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पुन्हा काही उशा वाढवायच्या, पुन्हा मोजायचे. पहाटेपूर्वी उशा जागच्या जागी परत! अशा असंख्य रात्रींतून त्याला एक सोपे सूत्र मिळाले. निनादाचा काळ (सेकंद) = ०.१६ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक एकक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हे सूत्र आमच्या बैठकीच्या खोलीला लावू. लांबी ५ मीटर, रुंदी ३.५, उंची ३. घनफळ ५२.५ घनमीटर. भिंती, जमीन आणि छत मिळून पृष्ठफळ ८६ चौरस मीटर. काँक्रीट आणि गुळगुळीत फरशी आवाजाचा शंभरातला सुमारे तीनच भाग शोषतात. म्हणजे रिकाम्या खोलीचे शोषण जेमतेम २.६ एकक आणि निनाद सव्वातीन सेकंदांचा! सोफा आणि चार माणसे धरून शोषण ७ एककांवर गेले असे माना, तरी निनाद उरतो १.२ सेकंद. आपण बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. म्हणजे एका अक्षराचे शेपूट पुढच्या पाच अक्षरांवर पडत राहते. आवाज वाढवला की शेपूटही तेवढेच वाढते. आईचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

महागडे साउंडबार खोलीचा आवाज स्वतःच्या मायक्रोफोनने तपासून स्वर समतोल करतात. ते उपयोगी आहे. पण भिंतीवरून येणारा निनाद त्यांना शोषून घेता येत नाही. ते काम कापडाचे. मी बाल्कनीच्या काचेच्या दारावर जाड पडदा लावला, जमिनीवर सतरंजी टाकली आणि समोरच्या उघड्या भिंतीवर आईने शिवलेल्या दोन गोधड्या टांगल्या. मुले हसली. पण आठवड्याने आई म्हणाली, "आता कळतंय हो!" आवाजाची पातळी पूर्वीपेक्षा कमी होती, तरीही. बाल्कनीचे दार उघडूनही निनाद घटला असता, कारण उघडे दार हा उत्तम शोषक. पण त्याने 'शोषलेला' आवाज समोरच्या इमारतीत जातो आणि महामार्गावरच्या मालमोटारींचा आवाज आत येतो.

माझ्या मताचा पहिला भाग हा. लाखाचे यंत्र घेणाऱ्याने आधी आपली खोली ऐकावी. मोकळ्या खोलीत एक टाळी वाजवा. टाळी खणखणत राहिली तर पैसे आधी पडदा-सतरंजीवर खर्च करा. जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्याने भुलू नका. ३०० वॅटचे ६०० वॅट केले तर वाढ होते अवघ्या ३ डेसिबेलची. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दहापट शक्ती लागते. आणि घरात बसून साधे ऐकायला बहुतेक वेळा एखादा वॅटही पुरतो.

दुकानात परीक्षा घ्यायचीच तर स्फोटांनी घेऊ नका, तंबोऱ्याने घ्या. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास आपल्या तंतुवाद्यांचा आणि मृदंग-तबल्याचा अभ्यास केला होता. तंबोऱ्याच्या वक्र घोडीवर तार अलगद घासते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर उपस्वरांचा असा समूह उमटतो, की साध्या सिद्धांताने जे उपस्वर असायलाच नकोत तेही त्यात ऐकू येतात. हीच जवारी. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. छोट्या स्पीकरांना हा स्वर नीट देता येत नाही. पण उपस्वर ऐकून मेंदू हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो! जवारी जिवंत ऐकू आली आणि गाणाऱ्याचे शब्द स्वच्छ आले, तर यंत्र चांगले समजा.

आता खालच्या मुलीची तक्रार. गोधड्यांनी तिचे काय भले झाले? काहीच नाही, आणि हे प्रांजळपणे सांगायला हवे. कापड उंच स्वर शोषते, खर्ज त्यातून निसटतो. भिंतीचेही तसेच. साध्या भिंतीबाबत ढोबळ नियम असा, की कंप्रता निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबेलने घटते. ४०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर येताना कंप्रता तीनदा निम्मी होते. घट झाली १८ डेसिबेल, म्हणजे सुमारे साठपट अधिक ऊर्जा पलीकडे जाते. शिवाय सबवूफर फरशीवर ठेवलेला. तो हवेची वाटही पाहत नाही, थेट स्लॅबच हलवतो. आमची फरशी म्हणजे तिचे छत! म्हणून संवाद आणि सतार आमच्याकडे राहिली आणि धुम धुम तेवढे तिच्या वह्यांवर पडले.

कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. पण हे मोजमाप मानवी कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेले असते. त्यात ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबेल वजा होतात. तेव्हा मापकाचा आकडा नियमात बसला तरी धुम धुम जाणवत राहू शकते. "माझा आवाज कायद्यात आहे" हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या अपुरे आहे.

२००९ साली ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एकेकाळच्या गावात आता एकावर एक घरे रचलेल्या इमारती उभ्या आहेत. आपल्या या पट्ट्यात मोटारी बनतात. वाहनांची खरखर आणि थरथर कमी करणे हा येथे स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १९६६ साली स्थापन झालेली, वाहनांवर संशोधन करणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातच आहे. आमच्याच इमारतीतले काही अभियंते दिवसभर इंजिनाचा एखादा डेसिबेल कमी करण्यासाठी झटतात. तेच रात्री घरी येऊन सबवूफरने वीस डेसिबेल वाढवतात, हा विनोद नव्हे काय?

कोणी म्हणेल, मग हे यंत्रच नको. मला ते पटत नाही. आईला तिच्या मालिकेतले शब्द परत मिळाले. दिवंगत गायकांच्या मैफिली घरबसल्या ऐकता आल्या. विज्ञानाने दिलेले हे सुख खोटे नाही. पण त्याच्या दोन अडचणींतली एक कापडाने सुटते आणि दुसरी कोणत्याही दुकानात सुटत नाही. ती हात आखडल्यानेच सुटते. मी सबवूफरखाली जाड रबर घातले, त्याची पातळी निम्म्याहून खाली आणली आणि तो रात्री साडेनऊनंतर बंद ठेवू लागलो. मग खाली जाऊन त्या मुलीच्या खोलीत पाच मिनिटे बसलो आणि मुलाला वर यंत्र लावायला सांगितले. खरे मोजमाप तेथेच झाले. एकदा आणखी कमी करावे लागले.

आणि मित्रहो, तुमच्या स्वतःच्या कानांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांसाठी ७५ डेसिबेल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. दर ३ डेसिबेल वाढीला हा वेळ निम्मा होतो. ८४ डेसिबेलला उरतात फक्त ५ तास. अंतर्कर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. साउंडबार बदलून मिळतो, कान मिळत नाहीत.

शिक्षकांना एक विनंती. हा विषय वर्गात प्रयोग म्हणून करून पाहा. मोकळ्या वर्गात फुगा फोडा, मग मुलांनी भरलेल्या वर्गात फोडा आणि फरक ऐका. मोबाइलवरचा डेसिबेलमापक अचूक नसतो, पण भिंतीच्या अलीकडे-पलीकडे तुलना करायला पुरतो. साबाइनचे सूत्र फळ्यावर मांडा आणि प्रत्येकाला आपल्या घराचे गणित करून आणू द्या.

यंत्राची पावती आपल्या नावावर असते, म्हणून यंत्र आपले. पण त्यातून निघालेली लहर पावती वाचत नाही, ती शेजाऱ्याच्या घरात शिरते. जे आपल्या भिंतीत राहत नाही त्याचे आपण एकटे मालक नसतो. मार्चमध्ये त्या मुलीची परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन ती वर आली आणि म्हणाली, "काका, आज लावा की जोरात!" त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून तोच सिनेमा पुन्हा पाहिला.