ॲपच्या मागे माणूस हवा

विद्यापीठांनी मानसिक आरोग्याचे एखादे ॲप घ्यावे, पहिल्या तासाआधी दहा मिनिटे ध्यान ठेवावे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ताणाचा प्रश्न बराचसा मार्गी लागेल, असे म्हणणारे वाढत आहेत. त्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ सालात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या. त्यांतल्या १,७६४ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. तज्ज्ञ तयार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का, हा या मंडळींचा सवाल रास्त आहे. चूक आहे ती निष्कर्षात. माणसे कमी आहेत म्हणून माणसाशिवाय भागवू, असे ते म्हणतात. आणि ज्या पुराव्याच्या आधारे म्हणतात, तो पुरावा नेमके उलटे सांगतो.

ध्यानाच्या बाजूने केंब्रिज विद्यापीठातल्या ६१६ विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम केलेल्यांना परीक्षेच्या दिवसांत इतरांपेक्षा कमी त्रास झाला, हे खरे आहे. पण त्या प्रयोगाची रचना पाहा. विद्यार्थी आपणहून आलेले होते, शिकवणारा अनुभवी होता, तीव्र नैराश्यात किंवा चिंतेत असलेल्यांना त्यात घेतलेले नव्हते, आणि विद्यापीठाची नेहमीची समुपदेशन सेवा दोन्ही गटांना खुली होती. ध्यान तिथे समुपदेशनाच्या जोडीला होते. समुपदेशनाच्या जागी ध्यान ठेवले तर काय होते, हे त्या प्रयोगाने तपासलेच नाही. त्याच्याशेजारी ब्रिटनमधल्या शाळांचा ‘मिरियड’ हा प्रयोग ठेवून पाहावा. तिथे आठ हजारांहून अधिक मुले होती, शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिले होते, आणि आवड असो वा नसो, सगळ्या वर्गाने ध्यान शिकायचे होते. २०२२ मध्ये निकाल आले, तेव्हा शाळांत नेहमी चालणाऱ्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा सरस असे काही त्यातून निघाले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ही मुले वयाने लहान होती, हे मान्य. तरीही हजेरीपटाच्या धाकाने मन शांत होत नाही, एवढे त्यातून विद्यापीठांनी शिकायला हरकत नाही.

ध्यान ही आपलीच परंपरा, तिला प्रयोगशाळेचे दाखले कशाला, असाही आक्षेप येतो. पण परंपरेनेही अटी घातलेल्या आहेत. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचे शिबिर दहा दिवसांचे असते, साधकाच्या शंकांना उत्तर द्यायला आचार्य हजर असतात, आणि प्रवेशअर्जातच मानसिक आजाराविषयी विचारणा असते. गंभीर मनोविकार असलेल्यांना ही साधना सुचवली जात नाही. साठ मुलांच्या वर्गात डोळे मिटायला सांगताना यांतली एकही काळजी घेतली जात नसेल, तर परंपरेचे नाव तरी घेऊ नये.

ॲपचेही असेच. गप्पा मारणाऱ्या ‘वोबॉट’ या प्रणालीचा २०१७ चा अभ्यास फार गाजला. त्यात सत्तर तरुण होते, कालावधी दोन आठवड्यांचा होता, आणि संशोधकांत कंपनीच्या संस्थापकही होत्या. नैराश्याची लक्षणे कमी झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण एवढ्या भांडवलावर राज्यभरच्या विद्यापीठांचे धोरण उभे करता येत नाही. २०२५ मध्ये ते ॲप बंद झाले. ज्या मुलीने रोज रात्री त्याच्याशीच बोलायची सवय लावून घेतली असेल, तिने दुसऱ्या दिवशी कुणाकडे जायचे? आणि तिने लिहिलेले सगळे कुठे जाते? अमेरिकेतल्या ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना पुरवली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला आणि तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. याउलट ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा पाहा. १४४१६ हा क्रमांक फिरवला की पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. तंत्रज्ञान इथेही आहे, पण त्याचे काम माणसापर्यंत पोचवण्याचे आहे. माझा आग्रह या फरकाचा आहे.

मग अध्यापनात ध्यान, तंत्रज्ञान आणि समुपदेशन हे तिन्ही एकत्र कसे आणायचे? सुरुवात टाइमटेबलपासून करावी लागेल. पाच विषयांच्या इंटर्नल, जर्नल सबमिशन आणि व्हायव्हा एकाच आठवड्यात कोंबायच्या आणि त्याच आठवड्यात ‘ताणमुक्ती’चे व्याख्यान ठेवायचे, ही विसंगती कोणतेही ध्यान भरून काढणार नाही. विभागातल्या प्राध्यापकांनी सत्राच्या आरंभी एकत्र बसून तारखा विखुरल्या, तर त्याला पैसा लागत नाही. संगणकावर हजेरी आणि सबमिशनची नोंद आजही होतेच; ती ‘डिटेन’ यादीसाठी वापरण्याऐवजी, नियमित येणारा मुलगा अचानक तीन आठवडे दिसत नाही हे लक्षात येण्यासाठी वापरावी, आणि त्याच्या शिक्षकाने त्याला स्वतः फोन करावा. ध्यान ऐच्छिक ठेवावे, शिकलेल्या माणसाने शिकवावे, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये.

शिक्षक काही डॉक्टर नव्हेत, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकावर हे आणखी ओझे कशाला, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. त्याचे उत्तर शिक्षकाकडून उपचाराची अपेक्षा न करणे हेच आहे. त्याने ओळखावे आणि पोचवावे. पोचवायला जागा हवी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये नेमके हेच सांगितले: शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण. पैसा नाही, असे म्हणणाऱ्या संस्थांनी ॲपच्या वर्गणीचा आकडा आधी या पदासमोर ठेवून पाहावा. हे पद भरल्यावर समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या दालनाशेजारी नसावी, आणि तिथल्या नोंदी हजेरीच्या संगणकाला कधीही जोडू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. समुपदेशकाच्या दारातून आत येणाऱ्या विद्यार्थ्यालाही तीच हमी लेखी मिळाली पाहिजे, पहिल्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत, समुपदेशकाच्या नावासह आणि भेटीच्या वेळेसह.