चाळिशी लपवायची कशाला?

मागच्या महिन्यातली गोष्ट. बचत गटाच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी हिशेबाची वही माझ्यापुढे सरकवली. "काकू, वाचा आणि सही करा." मी वही जरा लांब धरली, आणखी लांब धरली, आणि शेवटी आकडे न वाचताच सही करून मोकळी झाले. घरी मी यांचा चष्मा लावून भागवते. पण तो चारचौघींत कसा काढणार?

रात्री मात्र मनाला लागलं. बायकांनी पै-पै करून साठवलेला पैसा, आणि मी न वाचता सही केली!

पूर्वी चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणत. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि साधारण चाळिशीपासून जवळचं धूसर दिसू लागतं. हे सगळ्यांनाच होतं, त्यात लाजायचं काय? तरी आपण सुई ओवायला नातवंडांना हाका मारतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख अंदाजानं वाचतो. यांचा चष्मा बदलायचा तर लगेच, आणि माझा? 'मला कुठे ऑफिसात जायचंय!'

या चालढकलीची किंमत माझ्या सख्ख्या आत्यानं मोजली. दिसणं कमी झालं तेव्हा ती म्हणाली, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." निघाला काचबिंदू. तो बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं गुपचूप कमी होते. गेलेली दृष्टी परत येत नाही, उपचारांनी उरलेली तेवढी सांभाळता येते. आणि मोतीबिंदू असता, तरी आता तो 'पिकायची' वाट पाहावी लागत नाही.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात असेल तर आपल्यालाही धोका जास्त. हे ठाऊक असूनही मी आजवर गेले नव्हते. त्या सहीनंतर गेले. नुसता नंबर काढला नाही, डोळ्यांतला दाब आणि आतला पडदाही तपासून घेतला. सुदैवानं सगळं ठीक निघालं. मधुमेह असलेल्या मैत्रिणींनी तर दिसायला काही त्रास नसला, तरी दरवर्षी पडदा तपासून घ्यायलाच हवा.

खर्चाचं म्हणाल, तर जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मोफत होते. अडतं ते आपल्याच मनात.

या महिन्यात स्वतःचा चष्मा लावून बैठकीला गेले. मागचं पान पुन्हा उघडून ओळ न् ओळ वाचली. हिशेब चोख होता. माझं पाहून शेजारच्या दोघींनी हळूच पर्समधून आपापले चष्मे काढले. पुढच्या मंगळवारी आम्ही सातजणी मिळून डोळे तपासायला जाणार आहोत. तुमच्या गटातून कोण कोण निघतंय?