खिसा तंग, ग्लास फुल्ल!

महिन्याची वीस तारीख उलटली, की पार्टीचा मेन्यू पाकीट ठरवतं. बिअर परवडते, व्हिस्की कुणाच्या तरी मामाने ड्यूटी-फ्रीमधून आणलेली असते आणि वाइनचं मात्र ‘इन्क्रिमेंट झाल्यावर बघू!’ वाइन म्हणजे साहेबी थाट, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की दुकानात गेलो तरी आपण एक तर सगळ्यात स्वस्त बाटली उचलतो, नाही तर इम्प्रेशन मारायला परदेशी. माझ्या मते दोन्ही सौदे तोट्याचे.

परदेशी बाटलीचं गणित बघा. आपल्याकडे आयात वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के कस्टम्स ड्यूटी होती. 2022 च्या अखेरीस लागू झालेल्या करारामुळे ऑस्ट्रेलियन वाइनला सवलत मिळाली खरी, पण ती महागड्या बाटल्यांना. पाच डॉलरच्या आतली बाटली त्यातून वगळलेली! वर जहाजाचं भाडं आणि इथले मधले हात आहेतच. म्हणजे ‘इम्पोर्टेड आणि तरी स्वस्त’ बाटलीत आपण पैसे कशाचे मोजतो? प्रवासाचे. आतल्या द्राक्षांच्या वाट्याला उरतं ते किती?

त्यापेक्षा आपलं नाशिक काय वाईट आहे? 2000 साली सुलाच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या, त्या सॉव्हिन्यॉं ब्लां आणि शेनां ब्लां या द्राक्षांच्या. (उच्चार कसाही करा बॉस, काउंटरवरच्या दादाला बरोब्बर कळतं.) बजेटवाल्यांनी सुरुवात इथूनच करावी. या व्हाइट वाइन सहसा ओकच्या महागड्या पिंपात मुरवत नाहीत, त्यामुळे तो खर्च आपल्या बिलात येत नाही. रेडच हवी असेल, तर अकलूजच्या फ्रातेलीची सांजोव्हेजे शोधा. सोलापूर जिल्ह्यात पिकलेलं इटालियन द्राक्ष! गप्पांना विषयही मिळतो.

आता लेबल वाचायचा फंडा. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि लेबलवर लिहिलेलं साल असतं ते तोडणीचं. ‘वाइन जितकी जुनी तितकी भारी’ हे आपल्या बजेटमध्ये विसरा. स्वस्त व्हाइट आणि रोझे ताज्याच प्यायच्या, म्हणून ताजं साल बघा. ‘रिझर्व्ह’ शब्दालाही भुलू नका. स्पेनमध्ये रेड वाइनवर ‘रेसेर्वा’ लिहायचं तर ती किमान तीन वर्षं मुरवावी लागते. बऱ्याच ठिकाणी मात्र हा शब्द कंपनीच्या मर्जीवर असतो. आणि फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा तर शुद्ध गैरसमज. उलट बूच खराब असल्याने वाइन बिघडण्याची भीती त्यात नाही.

बाटलीपेक्षा दुकान महत्त्वाचं, हा माझा पहिला नियम. वाइनचा शत्रू म्हणजे उष्णता. मे महिन्यात रस्त्याकडेच्या शोकेसमध्ये, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली कितीही डिस्काउंटमध्ये असली तरी घेऊ नका. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसला तर नाहीच नाही. ज्या दुकानात वाइनचा खप आहे, तिथून घ्या आणि आतल्या खोक्यातली मागा. मागायला लाजायचं कशाला?

घरी आणलीत, की फ्रिज. रेड ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी म्हणतात, पण ती रूम युरोपातली! पुण्या-मुंबईच्या उकाड्यात रेडलाही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं. सोबत चीज प्लॅटर मागवून बजेटचा बोऱ्या वाजवू नका. तळलेल्या सुरमईबरोबर सॉव्हिन्यॉं ब्लां झकास लागते, कोथिंबीर वडीबरोबर किंचित गोडसर शेनां. मिसळीवर मात्र तुरट रेड नको, तिखट आणखी चढतं.

शेवटचा हिशेब. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास बसतात. हॉटेलात दोन-तीन ग्लासचं बिल होतं, तेवढ्यात दुकानातली अख्खी बाटली येते. म्हणून चार मित्रांनी घरी जमा, प्रत्येकाने वेगळी बाटली आणा, लेबलं वर्तमानपत्रात गुंडाळा आणि किंमत न सांगता चाखा. उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलीत, तर दोन-तीन दिवस सहज टिकते. परत जाताना गाडी कुणीच चालवायची नाही, रिक्षाचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

त्या दिवशी आवडलेल्या बाटलीचं नाव मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात शिरल्यावर तुम्हाला नक्की काय हवंय ते तुम्हाला ठाऊक असेल. साहेबी थाट म्हणतात तो हाच, आणि त्याला इन्क्रिमेंट लागत नाही!