वर्षभराचा हिशेब आणि आमच्या सह्या

हा अंक हातात पडला की आपण सर्वजण आधी शेवटची पाने उघडतो. तिथे वर्षभराच्या उपक्रमांचे अहवाल असतात आणि त्यात आपला फोटो कुठे आला आहे का, हे पाहायचे असते. गेल्या वर्षी मीही तेच केले. यंदा मात्र ती पाने कशी तयार होतात, हे जवळून पाहण्याची संधी मला मिळाली. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो. यंदा त्या जागेवर मी होते. त्या अनुभवावरून माझे जे मत झाले, ते आपल्यापुढे ठेवते. लहान तोंडी मोठा घास वाटल्यास प्राध्यापकवर्गाने क्षमा करावी.

आधी या कक्षाविषयी थोडेसे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिमान्यता परिषद, म्हणजे आपण जिला 'नॅक' म्हणतो ती संस्था, १९९४ साली बंगळूरला स्थापन झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून तिची कल्पना पुढे आली होती. महाविद्यालयांची तपासणी करण्यासाठी तिने सात निकष ठरवले. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, इमारत व ग्रंथालय, विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य, प्रशासन आणि संस्थेची मूल्ये असे ते सात निकष. दरवर्षी महाविद्यालयाने आपला गुणवत्ता अहवाल पाठवायचा आणि ते काम या कक्षाने करायचे. पैशाचा हिशेब जसा लेखापरीक्षक तपासतो, तसा हा शिकण्या-शिकवण्याचा हिशेब.

हे सारे निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या मुलीच्या घरी कॉलेज कसे असते हे कोणालाच ठाऊक नव्हते. रिठदहून एस.टी. जाते ते कॉलेज आपले, एवढाच आमचा निकष! अशा घरांच्या वतीने कोणीतरी बाहेरून येऊन विचारावे, की ग्रंथालयात पुस्तके आहेत का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर जातात का, ही फार चांगली गोष्ट आहे. शहरातली माणसे चार ठिकाणी चौकशी करून प्रवेश घेतात. आमची चौकशी सरकारने केलेली बरी.

पण यंदाचे वर्ष कसे गेले ते पाहा. वृक्षारोपण झाले, वाचन प्रेरणा दिन झाला, संविधान दिन झाला, सावित्रीबाईंची जयंती झाली, मराठी भाषा गौरव दिन झाला. प्रत्येक वेळी बॅनर, दीपप्रज्वलन, फोटो, उपस्थितांच्या सह्या आणि दोन पानी अहवाल. यातले काही कार्यक्रम खरोखर चांगले झाले. संविधान दिनाला वर्गातल्या एका मुलाने कलम १७ वर केलेले भाषण मी विसरणार नाही. पण अहवालात त्या भाषणाला जागा नाही. अहवालात आकडा असतो, उपस्थिती एकशे वीस. आणि दुपारी तीनला सुरू झालेल्या कार्यक्रमातून खेड्यावरची निम्मी मुले गाडीसाठी उठून गेली होती, हेही त्यात नाही. सही आधीच झालेली होती.

डिसेंबरमध्ये फायलींना पृष्ठक्रमांक घालायचे काम माझ्याकडे आले. एका फायलीवर लिहिले होते, 'उपचारात्मक वर्ग : इंग्रजी'. अभ्यासात मागे असलेल्या मुलांना ओळखून त्यांच्यासाठी वेगळे वर्ग घ्यावेत, अशी निकषांत अपेक्षा आहे. अपेक्षा किती रास्त! मी पाने उलटली. मागे असलेल्यांच्या यादीत माझे नाव होते. त्याचे वाईट वाटले नाही, कारण इंग्रजीत मी मागेच होते आणि आजही आहे. पुढच्या पानावर बारा तासांचे हजेरीपत्रक होते. माझ्या नावापुढे बारा सह्या होत्या. प्रत्यक्षात वर्ग झाले होते तीन.

सह्या खोट्या नव्हत्या. त्या माझ्याच होत्या. मग आठवले. पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी एक कागद बाकांवरून फिरत आला होता. सगळे रकाने भरा, असे कोणीतरी म्हणाले आणि हजेरी भरते आहे या आनंदात मी बाराही रकाने भरले होते.

मी धीर करून कक्षातल्या सरांना विचारले. ते रागावले नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवणारे सर वर्ष अर्धे असतानाच दुसरीकडे गेले, त्यांच्या जागी कोणी आले नाही, असे त्यांनी सांगितले. "वर्ग कोण घेणार होतं? आणि रकाना रिकामा कसा ठेवायचा?" सर त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत संगणकापुढे बसून होते. जो वेळ ते आम्हाला शिकवण्यात घालवू शकले असते, तो शिकवल्याचे पुरावे जमवण्यात जात होता. त्यांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. दोष द्यायचा तर आधी मला माझ्या बारा सह्यांना द्यावा लागेल.

घरी आल्यावर मी ही हकीकत आजीला सांगितली. माझी आजी निरक्षर आहे. तिने कित्येक वर्षे रोजगार हमीच्या कामावर माती उचलली. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामावर हजेरीपट असे आणि मजुरीच्या दिवशी त्यावर अंगठा द्यावा लागे. आजी कधीही आधी अंगठा देत नसे. कारकुनाला म्हणायची, "आधी वाचून दाखव बापा, माह्ये रोज किती मांडले थे." सहा रोज भरले असतील आणि पटावर पाच असतील, तर ती तिथेच बसून राही. माझे ऐकून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "तुले त वाचता येते ना वं? मंग न वाचता सही कशी केली?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अंगठेबहाद्दर म्हणून आपण ज्यांना हसतो, त्यांच्यापैकी एक बाई हिशेब कसा तपासावा हे मला शिकवून गेली.

पुढे वाचनात एक योगायोग आढळला. ज्या १९९४ साली नॅकची स्थापना झाली, त्याच वर्षी २ डिसेंबरला राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांनी उठून खरे-खोटे सांगायचे, अशी ती साधी पद्धत. जे कधी कामावर गेलेच नाहीत, त्यांचीही नावे अशा वाचनांत हजेरीपटावर निघाली. त्या चळवळीचा माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला मोठा हातभार लागला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने तर कामांच्या सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेकडे सोपवले.

हिशेब तपासण्याच्या या दोन तऱ्हा एकाच वर्षी सुरू झाल्या. एकीत कागद वर जातो, परक्या गावच्या तज्ज्ञांकडे. दुसरीत कागद खाली येतो, ज्यांच्या नावाने तो लिहिला त्यांच्याकडे. आपल्या महाविद्यालयांनी पहिली तऱ्हा घेतली, दुसरी घेतलीच नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की पहिलीला दुसरीची जोड हवी.

वरची तपासणी पुरेशी नाही, हे आता सर्वांनाच दिसले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आंध्र प्रदेशातील एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी समितीतील सदस्यांना अटक केली. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण दोन-तीन दिवसांसाठी येणारी समिती चुकू शकते, तिला फसवता येते. तीनशे विद्यार्थ्यांसमोर वर्ग बारा झाले असे वाचून दाखवणे मात्र सोपे नाही.

काही मित्र म्हणतील, विद्यार्थ्यांना विचारतातच की! विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते. खरे आहे. त्यात एकवीस प्रश्न असतात आणि शेवटचा मोकळा असतो, सूचना लिहिण्यासाठी. पण आपण तो कसा भरतो? मोबाइलवर, घाईघाईत, सगळीकडे 'उत्तम'. शेवटच्या जागी 'काही नाही'. कॉलेजचे नाव खराब होईल ही भीती, सरांना कळेल ही धास्ती आणि आपल्याला काय त्याचे ही वृत्ती, या तिन्ही त्यामागे आहेत. गावात ग्रामसभेला कोणी जात नाही आणि मग सरपंचाच्या नावाने बोटे मोडतो, तसेच आपले झाले आहे.

म्हणून माझ्या दोन नम्र सूचना आहेत. वार्षिक अहवाल पाठवण्यापूर्वी तो एकदा सर्व विद्यार्थ्यांसमोर मराठीत वाचला जावा, तोही सकाळच्या वेळेत, खेड्यावरच्या मुलांना थांबता येईल असा. आणि जे काम झाले नाही, त्याच्या रकान्यात 'झाले नाही' असे लिहून कारण द्यावे. 'शिक्षक नसल्यामुळे वर्ग घेता आले नाहीत' हे वाक्य बारा खोट्या तासांपेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण ते वाचून कोणीतरी विचारील की शिक्षक का नव्हता. रकाना भरला की तो प्रश्नच मिटतो. रिकाम्या जागा भरलेल्या दाखवून आपणच आपल्या शिक्षकांची मागणी खोडून काढतो.

यामुळे श्रेणी घसरेल का? कदाचित घसरेल. पण ज्या गाडगे बाबांच्या नावाने आपले विद्यापीठ आहे, ते कीर्तनात समोरच्या साध्या माणसांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्यांच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना विचारायला कोणी कचरू नये.

माझ्या स्वतःपुरते मी ठरवले आहे. यापुढे न वाचता सही करायची नाही. जानेवारीत एका कार्यशाळेचा कागद आला, तेव्हा मी माझा रकाना कोरा ठेवला, कारण त्या दिवशी मी गाडी चुकल्यामुळे आले नव्हते. कोणी काही बोलले नाही. या अंकातील अहवालही आपण हातात पेन्सिल घेऊन वाचावेत. जिथे आपण खरोखर होतो तिथे खूण करावी. खुणा किती होतात ते ज्याने त्याने मोजावे आणि जमल्यास मलाही सांगावे.

— बी. ए. भाग २ (रिठद)