बघणार कोण?

मागच्या शनिवारी पंचवटीने मुंबईला गेलो. कारण जरा विचित्र होतं. आमचं नवं ऑफिस अंबडला होतंय आणि रस्त्याकडच्या मोठ्या भिंतीवर काय करायचं, यावर मीटिंगमध्ये अर्धा तास वाद झाला. बहुमत अर्थातच कंपनीच्या लोगोला! मी एकटाच म्हणत होतो, एखाद्या चित्रकाराला बोलवूया. "बघणार कोण?" इति बॉस. म्हटलं, चला, मोठ्या लोकांनी काय केलंय ते तरी बघून येऊ.

नरिमन पॉइंट म्हणजे समुद्रात भराव टाकून वसवलेलं ऑफिसांचं गाव. मान वर करून फिरायची तयारी असेल तर मजा आहे. १९७२ चा एक्स्प्रेस टॉवर्स जोसेफ स्टाइनचा, त्याच्या शेजारची १९७४ ची २३ मजली एअर इंडिया बिल्डिंग जॉन बर्गीची, आणि टोकाला एनसीपीएमधलं फिलिप जॉन्सनचं टाटा थिएटर, १९८० चं. लहानपणी बाबांनी एअर इंडियाच्या गच्चीवरचा लाल सेंटॉर दाखवला होता. मला तो कितीतरी वर्षं नुसता घोडाच वाटायचा. असो.

याच एअर इंडियाने हुसेन, गायतोंडे यांची चित्रं जमवली. १९६७ मध्ये साल्वादोर दालीकडून अ‍ॅशट्रे करून घेतला आणि मोबदल्यात त्याला चक्क हत्तीचं पिल्लू पाठवलं! आज कुठलं पर्चेस डिपार्टमेंट असली ऑर्डर पास करेल? पण हे वैभव होतं ऑफिसांच्या आत. खाली बसची वाट बघणाऱ्याला त्यातलं काय दिसत होतं? पुढे कंपनी विकली गेली, संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला आणि २०२४ मध्ये इमारत १,६०१ कोटींना राज्य सरकारला द्यायला मंजुरी मिळाली.

तिथल्याच एका इमारतीच्या लॉबीत काचेतून मोठं पेंटिंग दिसलं. आत शिरलो तर वॉचमन म्हणाला, "कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, चित्र बघायचंय. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला! "साहेब, पास लागतो." बाहेर आलो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर सगळी मुंबई या इमारतींकडे पाठ करून बसली होती.

पॅरिसच्या ला देफाँसमध्ये उलटं आहे. गाड्या जमिनीखाली, वर पायी चालणाऱ्यांचा चौक, आणि त्यात काल्डरचा लाल कोळी नि सेझारचा १२ मीटर उंच अंगठा. पास कुणी मागत नाही.

पण पॅरिस कशाला? अंबडहून दहा मिनिटांवर पांडवलेणी आहेत. रविवारी तिथे गेलो. दहाव्या लेण्यात उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव ठेवल्याचा लेख आहे, २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने. म्हणजे बिझनेस डिस्ट्रिक्ट आपल्याकडे तेव्हाही होतं की! आणि अठराव्या लेण्याच्या दारावर ते अप्रतिम कोरीवकाम... ते नाशिककरांच्या धंभिक गावाने दिलेलं दान. आता वर जायला तिकीट आहे, पण कुणाला भेटायचंय असं कुणी विचारत नाही. आणि दात्याचं नाव? फक्त एक ओळ. बाकी अख्खी भिंत बघणाऱ्याची.

सोमवारी बॉसना फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "बजेट काढ." लोगोची जागा मी आधीच मोजून ठेवलीय. खाली, उजव्या कोपऱ्यात, एक ओळ.